धून न सोडणारा गिटारवादक

मॅडोनाचं 'लिव्ह टू टेल' १९८६ साली अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन आलं. जॅझच्या दर्दी मंडळींच्या लेखी असल्या गाण्याची किंमत शून्य. पण १९९३मध्ये बिल फ्रिझेल या अमेरिकन गिटारवादकाचा 'हॅव अ लिटल फेथ' हा अल्बम आला आणि त्यात हे गाणं होतं. शब्दांविना, आणि दहा मिनिटांच्या घरात. शेजारी कोण कोण? ॲरन कोपलंडचं 'बिली द किड' हे बॅलेसाठी लिहिलेलं संगीत, चार्ल्स आइव्हज, मडी वॉटर्सचा ब्लूज, बॉब डिलन, सॉनी रोलिन्स आणि वर जॉन फिलिप सूझाचा लष्करी थाटाचा मार्च. वाद्यं पाच : गिटार, क्लॅरिनेट, ॲकॉर्डियन, बास आणि ड्रम्स. यादी वाचून वाटतं, हा थट्टेचा मामला असणार. ऐकायला बसलं की थट्टा कुठेच सापडत नाही. मॅडोनाची धून तो सावकाश, जपून मांडतो. मग गिटारचा आवाज हळूहळू फाटत जातो, ड्रम्स उसळतात, सगळं कोसळतंय की काय असं वाटायला लागतं; आणि त्या कल्लोळातही धून ओळखू येत राहते.

या 'ओळखू येत राहण्या'तच फ्रिझेलचं वेगळेपण आहे. जॅझचा साधारण रिवाज असा, की मूळ धून सुरुवातीला एकदा वाजवायची, मग तिच्याखालची कॉर्ड्सची साखळी तेवढी ठेवून तिच्यावर पाळीपाळीने प्रत्येकाने आपली कारागिरी दाखवायची आणि शेवटी धून पुन्हा वाजवून मोकळं व्हायचं. मधल्या पाच-सात मिनिटांत धून असते कुठे? सांगाडा उरतो. चार्ली पार्करच्या पिढीने त्या सांगाड्यावर थक्क करणारं काम केलं, आणि त्यांच्यामागून आलेल्या अनेक गिटारवाल्यांनी वेगाची शर्यत लावली. फ्रिझेल त्या शर्यतीत उतरतच नाही. त्याचा सोलो चालू असताना ऐकणाऱ्याला मूळ गाणं गुणगुणता येतं, कारण त्याच्या बोटांतून ते सुटलेलंच नसतं. एक ओळ वाजवायची, मग तीच जरा उशिराने, मग तीच एक सूर गाळून, मग तीच वरच्या सप्तकात. ठुमरीत एका ओळीवर दहा मिनिटं घोळत राहणाऱ्या गायिकेला हे समजावून सांगावं लागणार नाही.

जन्म १९५१चा, बाल्टिमोरचा. वाढला कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला. पद्धतशीर शिक्षण आधी झालं ते क्लॅरिनेटचं, गिटार मागून आली. हा क्रम महत्त्वाचा आहे. फुंकून वाजवायच्या वाद्यावर श्वास संपला की वाक्य संपतं. तिथे थांबावंच लागतं. गिटारवाल्याला अशी सक्ती नसते, तो दमेपर्यंत वाजवू शकतो, आणि बहुतेक जण वाजवतातही. फ्रिझेलच्या वादनात मात्र दोन वाक्यांमध्ये श्वास घ्यायला वेळ असतो. पुढे बोस्टनच्या बर्कली कॉलेजात तो शिकला, आणि गिटारवादक जिम हॉलकडे त्याने काही धडे घेतले. कमी सूर आणि नेमक्या ठिकाणी ठेवलेले सूर ही हॉलची ओळख. गुरू-शिष्यांचा 'हेमिस्फिअर्स' हा अल्बम २००८ साली आला. त्यात कोण गुरू आणि कोण शिष्य हे शोधत बसू नये; ते दोघेही तशा अभिनिवेशाने वाजवत नाहीत.

आता आवाजाविषयी, कारण फ्रिझेल म्हटलं की आधी डोळ्यांपुढे, म्हणजे कानांपुढे, येतो तो त्याचा आवाज. गिटारची एक उपजत अडचण आहे. तार छेडली त्या क्षणी आवाज सर्वांत मोठा असतो, तिथून पुढे तो फक्त विरत जातो. व्हायोलिनच्या गजासारखा किंवा बासरीच्या फुंकीसारखा तो फुलवता येत नाही. फ्रिझेलने यावर पायाने तोड काढली. पायाखाली व्हॉल्यूम पेडल. तार छेडताना पेडल बंद, म्हणजे छेडल्याचा 'टण्' ऐकूच येत नाही. मग पेडल हळूहळू उघडायचं, की सूर कुठून तरी धुक्यातून यावा तसा वर येतो. सुरुवातीच्या रेकॉर्ड्स ऐकताना हे गिटार आहे की ऑर्गन, असा प्रश्न पडतो तो यामुळे. ऐंशीच्या दशकात त्याच्याकडे इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचं डिले यंत्र होतं, १६ सेकंदांपर्यंतचा आवाज साठवून तो पुन्हा पुन्हा ऐकवणारं. आपणच वाजवलेला एखादा तुकडा त्यात पकडायचा, उलटा फिरवायचा, दामदुप्पट वेगाने सोडायचा आणि त्यावर पुढचं वाजवायचं. एक माणूस वाजवत असतो आणि मागे खोलीत आणखी दोघे-तिघे कुजबुजत असतात.

पण माझ्या मते खरी गंमत यंत्रात नाही, हातात आहे. आपल्या सरोदवर मींड घेता येते. गिटारवर पडदे आडवे येतात. एक तार बाजूला ओढून सूर चढवता येतो, पण चार तारांची अख्खी कॉर्ड कशी हलवणार? फ्रिझेल गिटारची मानच किंचित दाबतो. लाकूड केसभर वाकतं, सगळ्या तारांचा ताण एकदम बदलतो आणि पूर्ण कॉर्ड थरथरते. दुसरी सवय अशी, की लगतचे सूर तो शक्यतो वेगवेगळ्या तारांवर काढतो आणि आधीच्या तारेवरचं बोट उचलत नाही. मग सा अजून घुमत असतानाच रे येतो, रे घुमत असताना ग. सूर एकमेकांत मिसळून राहतात. हे पेडल काढून घेतलं तरी होतं, म्हणून साध्या अकूस्टिक गिटारवरही त्याला पहिल्या काही सेकंदांत ओळखता येतं.

नाव झालं ते ईसीएम या जर्मन कंपनीमुळे. एबरहार्ड वेबर, यान गार्बारेक यांच्या रेकॉर्ड्सवर तो आधी साथीला होता. १९८३मध्ये 'इन लाइन' हा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम निघाला. त्याआधी एक योग जुळून आला होता. ड्रमर पॉल मोशन नवा बँड उभा करत होता. गिटारवादक पॅट मेथेनीला त्याच्या एका कामाला जाता येणार नव्हतं, त्याने फ्रिझेलचं नाव सुचवलं. मोशन म्हणजे पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्या विख्यात त्रयीतला ड्रमर. हा माणूस ठेका धरून देण्यापेक्षा ठेक्याची नुसती आठवण करून देणारा. पुढे मोशन, फ्रिझेल आणि सॅक्सोफोनवर जो लोव्हानो असं त्रिकूट जमलं आणि २०११मध्ये मोशन जाईपर्यंत, पाव शतकाहून अधिक काळ टिकलं.

या त्रिकुटात बास नाही. हे वाचायला साधं वाटतं, पण जॅझमध्ये बास काढून घेणं म्हणजे तबल्यातला डग्गा काढून घेण्याइतकं धाडसाचं. कॉर्ड कोणती चालली आहे आणि मात्रा कुठे आहे, या दोन्ही गोष्टी बास सांगत असतो. तो नसला की तिघांनाही सतत कान लावून बसावं लागतं. लोव्हानो धून धरतो, मोशन झांजेवर एखादाच शिडकावा करतो, आणि फ्रिझेल खालच्या तारेवर एक सूर ठेवून वर कॉर्डचे दोनच सूर सोडतो. बाकीची कॉर्ड ऐकणाऱ्याने मनात पुरी करायची. 'मंक इन मोशन'मध्ये हे तिघे थेलोनियस मंकच्या रचना वाजवतात. मंकही सोलोमध्ये धून न सोडणाऱ्यांपैकीच, त्यामुळे फ्रिझेलला तिथे माहेरी आल्यासारखं वाटत असणार.

याच काळात तो जॉन झॉर्नच्या 'नेकेड सिटी' या बँडमध्येही होता. तिथे मिनिटभराचे तुकडे, किंचाळ्या, सिनेमांची संगीतं आणि हार्डकोर पंक यांचा कानठळ्या बसवणारा भडिमार. हळू आवाजात, अडखळत बोलणारा हा माणूस तिथे काय करतो, असं वाटेल. पण तो तितक्याच मन लावून तेही वाजवतो.

मग १९९७चा 'नॅशव्हिल'. कंट्री संगीताच्या राजधानीत जाऊन तिथल्याच लोकांबरोबर केलेली रेकॉर्ड : डोब्रोवर जेरी डग्लस, ॲलिसन क्रॉसच्या युनियन स्टेशन या बँडमधले मँडोलिन आणि बँजोवाले, बासवर व्हिक्टर क्रॉस. ड्रम्स नाहीतच. जॅझच्या कट्टर मंडळींना ही फितुरी वाटली. फ्रिझेलच्या बाजूने बघितलं तर त्यात नवल काही नव्हतं. डेन्व्हरमध्ये लहानाचा मोठा होताना रेडिओवर जे जे ऐकलं, ते सगळं एकाच डोक्यात राहायला आलं होतं. गंमत म्हणजे 'डाउनबीट' मासिकाच्या समीक्षकांनी पुढच्या वर्षी ह्याच रेकॉर्डला सर्वोत्तम जॅझ अल्बम ठरवलं.

जुन्या गाण्यांकडे तो कसा पाहतो हे एका 'शेनंडोआ'वरून कळावं. हे एकोणिसाव्या शतकातलं नावाड्यांचं अमेरिकन लोकगीत. 'गुड डॉग, हॅपी मॅन' या १९९९च्या अल्बममध्ये राय कूडरला सोबत घेऊन त्याने ते वाजवलं आहे आणि जॉनी स्मिथला अर्पण केलं आहे. स्मिथ म्हणजे स्टॅन गेट्झबरोबरच्या 'मूनलाइट इन व्हर्मॉन्ट'मुळे गाजलेला गिटारवादक. पत्नीच्या निधनानंतर पन्नासच्या दशकाअखेरीस तो न्यू यॉर्क सोडून मुलीसाठी कोलोरॅडोला गेला आणि तिथे वाद्यांचं दुकान काढून राहिला. फ्रिझेल कॉलेजात काही काळ त्याच्या हाताखाली शिकला. तेव्हा या शिक्षकाचं मोल आपल्याला कळलं नव्हतं, असं त्याने नंतर सांगितलं आहे. ती 'शेनंडोआ' ऐकताना लक्ष द्यायचं ते एवढ्याकडेच, की तो गाण्याला कुठेही 'सुधारत' नाही. अवघड कॉर्ड्स घालून ते जॅझचं करत नाही. धून आहे तशी, नुसती गती इतकी संथ की प्रत्येक सुराला आपलं वजन मिळतं.

सगळंच इतकं सकस आहे असं नाही. नावावरचे अल्बम चाळीसच्या पुढे गेले आहेत आणि त्यांत गोड गोड, पण पेंगुळलेल्या रेकॉर्ड्सही आहेत. जॉन लेननच्या गाण्यांचा २०११चा 'ऑल वी आर सेइंग' मला त्यांतला वाटतो : धून इतकी जपली आहे की तिला धक्काच लागत नाही. फ्रिझेलला समोर कुणी तरी अडवणारा लागतो, मोशनसारखा. २००५मध्ये ग्रॅमी मिळाली ती 'अनस्पीकेबल'ला. हॅल विल्नर या निर्मात्याने जुन्या रेकॉर्ड्सचे तुकडे मध्ये पेरून त्याला असंच अडवलं होतं.

अलीकडच्या काळातला 'व्हॅलेंटाइन' मात्र चुकवू नये. २०२०मध्ये आलेला, बासवर थॉमस मॉर्गन आणि ड्रम्सवर रूडी रॉयस्टन. त्याच्या शेवटी 'वुई शल ओव्हरकम' आहे. गिरिजाकुमार माथुरांनी हिंदीत आणल्यामुळे आपल्याकडे शाळेत जाऊन आलेल्या प्रत्येकाला ही धून पाठ आहे. बऱ्याच जणांच्या लेखी ती स्नेहसंमेलनात एका सुरात रेटायची गोष्ट. फ्रिझेल घोषणेचा आवेश काढून टाकतो आणि साध्या चालीने, किंचित झुलत ती वाजवतो. जोवर गरज आहे तोवर आपण हे गाणं वाजवत राहणार, असं तो म्हणत आला आहे. २०२४च्या 'ऑर्केस्ट्राज'मध्ये त्याच्यामागे ब्रसेल्स फिलहार्मोनिकचा अख्खा ताफा आहे. माइक गिब्जने केलेली मांडणी देखणी आहे, पण मला हा माणूस दोघा-तिघांतच जास्त आवडतो.

कुठून सुरुवात करावी, असं कुणी विचारलं तर मी एकच रचना दोनदा ऐकायला सांगेन. मोशनची 'इट शुड हॅव हॅपन्ड अ लाँग टाइम अगो'. आधी त्याच नावाच्या १९८५च्या अल्बममधली : धून लोव्हानोच्या सॅक्सोफोनकडे, फ्रिझेल मागून पेडलवर लांबच लांब सूर उघडत असतो. मग २०१७च्या 'स्मॉल टाउन'मधली, मोशन गेल्यानंतरची. न्यू यॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड हा १९३५पासूनचा तळघरातला क्लब, समोर श्रोते, आणि मंचावर फक्त फ्रिझेल आणि थॉमस मॉर्गन. इथे ड्रम्स नाहीत, पण बास आहे. धून आता गिटारकडे आली आहे, धुकं बरंचसं गेलं आहे, आणि मॉर्गन प्रत्येक ओळीच्या शेवटी काही तरी विचारावं तसं उत्तर देतो. ऐकताना मोशनच्या झांजा कुठे पडल्या असत्या ते हेरायचा प्रयत्न करावा. दोघेही त्यांच्यासाठी वेळ सोडतात. आणि मग अल्बम शेवटपर्यंत चालू द्यावा, कारण शेवटी 'गोल्डफिंगर' आहे. होय, जेम्स बाँडच्या सिनेमातलंच.