अळीच्या ताटातले यीस्ट

ब्राझीलमध्ये ‘स्कॅप्टोट्रिगोना डेपिलिस’ नावाची डंख न मारणारी मधमाशी आहे. तिच्या कामकरी माश्या मेणाच्या कुपीत पातळ अन्न भरतात, राणी त्यावर अंडे घालते आणि कुपी बंद होते. आत अंड्यातून अळी बाहेर येते, अन्नाबरोबर वाढणारी बुरशीही खाते. ही बुरशी काढून घेतली की बहुतेक अळ्या दगावतात, हे 2015 साली तिथल्या संशोधकांनी दाखवले.

कारण 2018 मध्ये उलगडले. कुपीतले ‘झायगोसॅकरोमायसिस’ हे यीस्ट, म्हणजे बुरशीचाच एक प्रकार, अळीला एर्गोस्टेरॉल नावाचे स्टेरॉल पुरवते. त्यापासून अळी कोषात जाण्यासाठी लागणारे संप्रेरक बनवते. कुठल्याच कीटकाला स्टेरॉल स्वतः तयार करता येत नाही. ते अन्नातूनच मिळवावे लागते.

आपल्या ओळखीच्या मधमाश्यांना ते परागकणांतून मिळते. फुले आटली की मधपाळ साखरेचा पाक देतात, पण पाकात स्टेरॉल नसतेच. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी म्हणून ‘यारोविया लिपोलिटिका’ या यीस्टमध्ये जनुकीय बदल करून परागातली सहा स्टेरॉल त्याच्याकडून तयार करवून घेतली. 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या या अभ्यासात, तीन महिने हे खाद्य मिळालेल्या वसाहतींत कोषावस्थेपर्यंत पोहोचलेल्या अळ्या 15 पटींपर्यंत जास्त होत्या.

मात्र हा प्रयोग काचघरातला होता. उघड्या रानात तो सिद्ध होईपर्यंत मधपेट्यांभोवती वर्षभर काही ना काही फुलत राहील अशी झाडे लावा आणि ऐन बहरात बुरशीनाशकाची फवारणी टाळा.