नंबर नोंदवलेला असेल तरच मेसेज पोचतो



अमेरिकेतल्या कॉलेजांत संकटाच्या वेळी विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर इशारा कसा जातो, ते आज बघू. घरातलं कुणी तिकडे शिकायला निघालं असेल तर हे थेट कामाचं आहे. आणि ज्याच्याकडे चार माणसं कामाला आहेत, त्याच्याही कामाचं आहे.

१६ एप्रिल २००७. व्हर्जिनिया टेक विद्यापीठ. सकाळी सव्वासातच्या सुमारास हॉस्टेलमध्ये गोळीबार झाला, दोघांचा जीव गेला. सगळ्या कॅम्पसला पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. तोवर मुलं वर्गात बसली होती. त्यानंतर थोड्याच वेळात दुसऱ्या इमारतीत ३० जण मारले गेले. त्या दिवशीच्या एकूण ३२ बळींमध्ये मुंबईहून गेलेली एक विद्यार्थिनीही होती.

२००८ मध्ये तिथला कायदा कडक झाला. धोका खरा आहे हे कळलं की कॉलेजने लगेच इशारा द्यायचा आणि वर्षातून एकदा तरी ही यंत्रणा चालवून बघायची, हे बंधनकारक झालं.

आता नोंदणीचं बघू. काही कॉलेजं प्रवेश घेतानाच तुमचा नंबर यादीत टाकतात. काही ठिकाणी विद्यार्थ्याने स्वतः कॉलेजच्या पोर्टलवर जाऊन नंबर भरायचा असतो. आपली मुलं नेमकी इथे अडकतात. फॉर्म भरताना भारतातला नंबर दिलेला असतो, तिकडे गेल्यावर नवं सिम घेतलं जातं आणि पोर्टलवर जुनाच नंबर राहतो. परदेशी नंबरवर मेसेज जाईलच याची खात्री नसते. म्हणून नवं सिम सुरू झालं की पहिलं काम म्हणजे नंबर बदलणं. कॉलेज परवानगी देत असेल तर घरच्यांचा ईमेलही जोडा. आणि कंटाळून त्या मेसेजला ‘स्टॉप’ असं उत्तर पाठवू नका, पुढचे इशारे बंद होऊ शकतात.

आता आपल्या धंद्याकडे या. समजा, तुमची बेकरी आहे, आठ कामगार आहेत, पहाटे भट्टीजवळ गॅसचा वास आला. कुणाला कळवायचं, कसं? व्हॉट्सॲप ग्रुप आहे ना, असं म्हणाल. पण नेट बंद असेल तर? साध्या एसएमएसला नेट लागत नाही. म्हणून चार गोष्टी करून ठेवा:

१. सगळ्यांचे चालू नंबर आणि घरच्या एकाचा नंबर कागदावर लिहून गल्ल्याजवळ लावा. नवा माणूस आला की त्याच दिवशी नाव चढवा.

२. मेसेज आधीच लिहून ठेवा: काय झालं, कुठे झालं, आत्ता काय करायचं. उदाहरणार्थ, ‘भट्टीत गॅसगळती. आत येऊ नका. समोरच्या चौकात थांबा.’

३. मेसेज कोण पाठवणार ते ठरवा. तुम्ही गावाला असाल तर दुसरा कोण, तेही ठरवा.

४. दिवाळीच्या गर्दीआधी एकदा चाचणीचा मेसेज पाठवा. कुणाला आला नाही ते तेव्हाच कळेल.

एवढ्या कामाला कुठलं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. एक कागद आणि अर्धा तास पुरतो. आज दुकान वाढवण्याआधी पहिली यादी करून टाका.