विभक्त पालक आणि मुलांचा ताबा : ख्रिस्तसभेची शिकवण व देशाचा कायदा

हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान संकुल उभे राहिल्यापासून केरळ, गोवा, मंगळूर, वसई अशा ठिकाणांहून अनेक कॅथॉलिक कुटुंबे ह्या परिसरात राहावयास आली. पतिपत्नी दोघांची नोकरी, रात्रपाळी, वडीलधारी माणसे दूर; अशा संसारात तडा गेला की धर्मगुरूंपुढे एक प्रश्न हमखास येतो : "फादर, मुलासाठी मी कोर्टात गेले, तर मला ख्रिस्तशरीर घेता येणार नाही का?" ह्या भीतीपोटी काही जण वर्षानुवर्षे गप्प राहतात आणि त्याचे दुःख मुलाच्या वाट्याला येते. म्हणून हा विषय नीट समजून घेणे आवश्यक आहे.

विवाहसंस्काराचे बंधन अतूट आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण कायम आहे. मात्र जोडीदारामुळे स्वतःला किंवा मुलांना गंभीर शारीरिक वा मानसिक धोका असल्यास विभक्त राहण्यास न्याय्य कारण असते, असे ख्रिस्तसभेचा कायदा (कलम ११५३) सांगतो. पुढचेच कलम ११५४ मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची योग्य तरतूद झालीच पाहिजे, असे बजावते. मुलांचा सांभाळ किंवा न्याय्य हक्क ह्यांच्या रक्षणाचा अन्य मार्ग उरला नसेल, तर दिवाणी घटस्फोट सहन केला जाऊ शकतो, असे कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २३८३) नमूद आहे. निव्वळ अशा कारणाने न्यायालयात गेलेली व पुनर्विवाह न केलेली व्यक्ती संस्कारांपासून दुरावत नाही.

आता देशाचा कायदा पाहू. भारतीय ख्रिस्ती लोकांना १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे. मूळ कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा अन्याय दूर केला आणि २००१ च्या दुरुस्तीने दोघांना समान आधार मिळाले. परस्पर संमतीचे कलम १०-अ त्याच वेळी आले. त्यात दोन वर्षे विभक्त राहण्याची अट आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती एका वर्षावर आणली. आपल्या प्रकरणात कोणती मुदत धरावी, हे वकिलांकडून समजून घ्यावे. गोव्यात नोंदलेल्या विवाहांसाठी तेथील नागरी कायदा वेगळा असल्याने त्याचाही स्वतंत्र सल्ला घ्यावा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. धर्मप्रांतीय न्यायासनाने विवाह मुळातच अवैध असल्याचा निर्णय दिला, तरी सरकारी दृष्टीने विवाह संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हे स्पष्ट केले आणि २०१७ मध्ये अशा निर्णयांना दिवाणी मान्यता मागणारी याचिकाही फेटाळली. उलट, दिवाणी घटस्फोटाने चर्चमधील विवाहबंधन सुटत नाही. दोन्ही वाटा स्वतंत्र आहेत. न्यायासनाच्या निर्णयाने मुले अनौरस ठरतात, ही भीतीही निराधार आहे. कलम ११३७ त्यांचे औरसपण जपते.

मुलांच्या ताब्याबाबत घटस्फोट कायद्याची कलमे ४१ ते ४४ आणि १८९० चा पालक व पाल्य कायदा महत्त्वाचा. "पाच वर्षांपर्यंत मूल आईकडेच" हा नियम हिंदू कायद्यातील आहे. आपल्याकडे न्यायालय मुलाचे हित, वय, धर्म, पालकाचे वर्तन आणि मूल समजते असल्यास त्याची इच्छा पाहते. दावा चालू असताना मुलांच्या पोषणाचा व शिक्षणाचा अर्ज, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदा म्हणतो. ताबा एकाकडे गेला, तरी दुसऱ्याला भेटीचा हक्क मिळू शकतो. पालक दूर असल्यास व्हिडिओ कॉलद्वारे संपर्क ठेवता यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. परदेशी नोकरीस जाताना दुसऱ्या पालकाला अंधारात ठेवून मुलाला नेणे मात्र टाळावे. त्यातून दोन देशांतील न्यायालयांचा गुंता उभा राहतो.

पुणे शहरात कौटुंबिक न्यायालय आहे. जेथे ते नाही, तेथे जिल्हा न्यायालयाकडे जावे लागते. हिंजवडी मुळशी तालुक्यात असल्याने अर्ज कोठे करावा, हे आधी विचारावे. कौटुंबिक न्यायालय प्रथम समेटाचा प्रयत्न करते. तेथील समुपदेशकांशी मोकळेपणाने बोलावे. स्त्रिया व मुले ह्यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. घरात मारहाण होत असेल, तर समेटाची वाट न पाहता आधी सुरक्षित ठिकाणी जावे.

मुलाला ओलीस धरू नका, अशी कळकळीची विनंती पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया' ह्या उद्बोधनपत्रात विभक्त पालकांना केली होती. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात बाबांना भेटण्यासाठी थांबलेल्या मुलाला कोणते कलम लागू झाले, हे ठाऊक नसते. आई बाबांविषयी वाईट बोलली नाही आणि बाबा वेळेवर आले, एवढे त्याला कळते. न्यायालयाच्या हुकुमाने हे घडवून आणता येत नाही; ते आईवडिलांनाच करावे लागेल. अशा कुटुंबांकडे बोट न दाखवता त्यांना आपल्या बाकावर जागा करून देणे, हे आपणा सर्व धर्मग्रामस्थांचे कर्तव्य होय.