मुलगा सीमेवर, मग मोजायचा कुठे?

पुण्यात असाल, इंदूर-बडोद्यात असाल, नाहीतर हैदराबादेत. आज जनगणनेबद्दल बोलू.

मला नेहमी विचारतात, "साहेब, निवडणुकीचा कल दोन-चार हजार लोकांना विचारून सांगतात. मग जनगणनेला लाखो प्रगणक घरोघर कशाला?" कारण नमुन्यावरून राज्याचा अंदाज बांधता येतो, तुमच्या वाडीचा नाही. रेशन, वॉर्ड, राखीव जागा हे सगळं गाव पातळीवर ठरतं. तिथे माणूस न् माणूस मोजावा लागतो.

त्यासाठी देशाचे छोटे गणना ब्लॉक पाडतात. एका ब्लॉकची लोकवस्ती साधारण सहा-आठशे. आधी घरांची यादी होते, मग माणसांची गणना. 2011 साली गणना 9 ते 28 फेब्रुवारीला झाली, पण हिशेब धरला तो 1 मार्चच्या शून्य तासाचा. म्हणून 1 ते 5 मार्च दुसरी फेरी झाली. मधल्या काळातले जन्म-मृत्यू दुरुस्त केले. बेघरांची नोंद 28 फेब्रुवारीच्या रात्री. हिमाचल, उत्तराखंड, काश्मीरच्या बर्फाळ भागांत मात्र 2010 च्या सप्टेंबरातच गणना उरकली. हिवाळ्यात खिंडी बंद झाल्या की काय होतं, ते आम्ही फौजी जाणतो.

आता शीर्षकातला प्रश्न. आई म्हणते, "माझा लेक माझ्याच घरात लिहा." तो गणनेचा सगळा काळ युनिटमध्ये असेल, तर घरी लिहायचा नाही. लष्करी हद्दीत 'विशेष चार्ज' असतो, तिथे आमचीच माणसं मोजणी करतात. घरीही लिहिला तर तो दोनदा मोजला जाईल. माऊली, लेक गळत नाही, फक्त दुसऱ्या पानावर असतो.

मग नमुना कुठे येतो? दोन ठिकाणी. 1981 साली मोठ्या राज्यांत स्थलांतर आणि अपत्यांविषयीचे जादा प्रश्न 20 टक्के नमुन्यातच विचारले. दुसरं, गणना संपल्यावर निवडक ब्लॉक पुन्हा स्वतंत्रपणे मोजतात आणि नावं ताडून पाहतात. 2011 साली त्यातून कळलं, की हजारी सुमारे 23 माणसं सुटली. 121 कोटींच्या देशात ही संख्या पावणेतीन कोटींच्या घरात जाते. जनगणना स्वतःची चूक स्वतःच मोजते, हे मला तिचं सर्वांत मोठं बळ वाटतं.

आणि एक चूक माझी. प्रगणक आला तेव्हा मी पेपर वाचत होतो. मातृभाषा विचारल्यावर म्हणालो, "लिहा सगळ्यांची मराठी." सूनबाई कानडी. नियम असा, की मातृभाषा प्रत्येकाची वेगळी विचारायची. बालपणी आई ज्या भाषेत बोलली ती. सूनबाईंनी स्वतः येऊन दुरुस्त करवून घेतलं आणि माझी मान खाली गेली.

2011 मध्ये मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख होते. त्यातले सुमारे 55 लाख महाराष्ट्राबाहेरचे. त्यांच्या दारात प्रगणकानं राज्याची भाषा गृहीत धरली आणि आपण गप्प राहिलो, तर तो आकडा कुणी दुरुस्त करणार नाही.

पुढची गणना 1 मार्च 2027 च्या शून्य तासाला धरून आहे. दिलेली माहिती 1948 च्या कायद्यानं गोपनीय राहते. कोर्टातही पुरावा म्हणून चालत नाही. तेव्हा न घाबरता, पेपर बाजूला ठेवून उत्तरं द्या.

जय हिंद.