शेजारच्या वस्तीतला सूर

ऑगस्ट १९७६. लंडनमधल्या नॉटिंग हिलचा कार्निव्हल म्हणजे कॅरिबियन बेटांवरून येऊन स्थायिक झालेल्यांचा सण. त्या वर्षी तिथे पोलीस आणि कृष्णवर्णीय तरुण यांच्यात जुंपली, दगडविटा उडाल्या. गर्दीत दोन गोरे तरुणही होते: जो स्ट्रमर आणि पॉल सिमनन. त्यांचा 'द क्लॅश' हा पंक बँड तेव्हा काही महिन्यांचाच होता. त्या अनुभवातून 'व्हाइट रायट' हे गाणे आले आणि मार्च १९७७मध्ये तीच त्यांची पहिली रेकॉर्ड ठरली. काळे तरुण अन्यायाविरुद्ध रस्त्यावर उतरतात, मग गोरे गप्प का, असा त्याचा सवाल. काहींनी तो नेमका उलटा ऐकला आणि गाण्याला वर्णद्वेषी ठरवले.

पंक म्हटले की तीन कॉर्ड, फाटके जाकीट आणि आरडाओरडा डोळ्यांपुढे येतो. क्लॅशकडे हे सगळे होते. पण हा बँड आजही टिकून आहे तो त्याच्या आवाजामुळे नव्हे, कानांमुळे, असे माझे ठाम मत आहे. शेजारच्या वस्तीत काय वाजते आहे, ते या मुलांनी मन लावून ऐकले. पहिल्याच अल्बममध्ये, दोन-दोन मिनिटांच्या गाण्यांच्या गर्दीत, त्यांनी ज्युनियर मर्विन या जमैकन गायकाचे 'पोलीस अँड थीव्ह्ज' तब्बल सहा मिनिटे वाजवले. मूळ गाण्याचा निर्माता ली पेरी याने पुढे त्यांच्याच 'कम्प्लीट कंट्रोल'ची निर्मिती केली.

त्यांचे सर्वोत्तम गाणे माझ्या लेखी १९७८चे '(व्हाइट मॅन) इन हॅमरस्मिथ पॅले'. स्ट्रमर जमैकाच्या रेगे संगीताच्या रात्रभर चाललेल्या एका जलशाला गेला होता. बंडाचे संगीत ऐकायला मिळेल ही त्याची अपेक्षा. समोर झाले ते झगमगीत रंजन. या अपेक्षाभंगावरून गाणे स्वतःकडे वळते, मग पंकवाल्यांकडे, मग साऱ्या इंग्लंडकडे. स्वतःच्याच चळवळीला इतक्या लवकर जाब विचारायला धैर्य लागते.

तो काळ 'नॅशनल फ्रंट' या अतिउजव्या पक्षाच्या स्थलांतरितविरोधी प्रचाराचा होता. गिटारवादक एरिक क्लॅप्टननेही १९७६मध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली होती. त्याच्या निषेधातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रॅफल्गर चौकातून निघालेला तिचा मोर्चा व्हिक्टोरिया पार्कात पोहोचला; तिथल्या जलशात क्लॅशनेही वाजवले.

डिसेंबर १९७९च्या 'लंडन कॉलिंग' या अल्बमबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. दोन तबकड्या एकीच्या किमतीत विकायच्या, हा हट्ट बँडने पुरा केला. मुखपृष्ठावर सिमनन आपले बेस गिटार जमिनीवर आपटतो आहे. न्यूयॉर्कमध्ये पेनी स्मिथने टिपलेले हे छायाचित्र आता गाण्यांइतकेच प्रसिद्ध आहे. पुढच्या वर्षीचा 'सँडिनिस्टा!' तीन तबकड्यांचा, ३६ गाण्यांचा. तो पसरट आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण रॅप ही न्यूयॉर्कच्या वस्त्यांतली कला असताना 'द मॅग्निफिसंट सेव्हन' याच अल्बममध्ये आले. १९८१मध्ये न्यूयॉर्कच्या 'बाँड्स' या क्लबमधल्या कार्यक्रमांना त्यांनी हिप-हॉपच्या ग्रँडमास्टर फ्लॅशला आपल्याआधी मंचावर आणले. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. क्लॅशचे कान त्यांच्या चाहत्यांच्या फार पुढे होते.

घेतलेले सूर पुढे इतरांकडेही गेले. ब्रिक्स्टनमध्ये वाढलेल्या सिमननने 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन' लिहिले. त्याची बेसची धून वापरणारे 'डब बी गुड टू मी' १९९०मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिले आले.

आणि 'स्ट्रेट टू हेल'. १९८२च्या या संथ, बोसा नोवाच्या वळणाच्या गाण्यात कुणालाच नको असलेली माणसे आहेत: गंजत चाललेल्या कारखान्यांच्या गावातले स्थलांतरित, व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांमागे राहिलेली मुले. लिहिणारा स्ट्रमर स्वतः अंकारात जन्मलेला, परराष्ट्रसेवेतल्या अधिकाऱ्याचा मुलगा. त्याचे वडील लखनौला जन्मलेले. २००७मध्ये लंडनच्या श्रीलंकन तमिळ कुटुंबातल्या एम.आय.ए.ने याच गाण्याच्या सुरावटीवर 'पेपर प्लेन्स' उभारले, तेही स्थलांतरितांविषयीच. पुढच्याच वर्षी ते 'स्लमडॉग मिल्यनेअर' या चित्रपटात आले: मुंबईच्या झोपडपट्टीतून निघालेली दोन पोरे रेल्वेच्या टपावरून देशभर हिंडतात, त्या प्रसंगाला.

तो प्रसंग आता पुन्हा पाहा, आणि लगेच मूळ 'स्ट्रेट टू हेल' ऐका. 'पेपर प्लेन्स'च्या रचनाकारांत क्लॅशच्या चौघांचीही नावे आहेत. त्यांतला जो स्ट्रमर २२ डिसेंबर २००२ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी वारला होता.