शनिवारवाड्यातलं इस्फहान

पुण्यात ‘फरासखान्यापाशी सोडा’ म्हटलं की रिक्षा पोलीस ठाण्यासमोर थांबते. फरास म्हणजे गालिचे-बिछायती अंथरणारा, तंबू ठोकणारा नोकर. खाना म्हणजे घर. इराणी दरबाराचा हा शब्द शनिवारवाड्याच्या शेजारी मुक्कामाला आला, तोही एकटा नाही. दिवाणखाना, जामदारखाना, हमामखाना, नगारखाना असं सगळं बिऱ्हाड घेऊन आला. गंमत म्हणजे दरबारातले फारसी शब्द हटवायला शिवछत्रपतींनी राजव्यवहारकोश करवून घेतला, त्याला वाडा बांधला तेव्हा जेमतेम पन्नास वर्षं झाली होती.

वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. खर्चाचा आकडा सांगतात तो १६,११० रुपयांचा. वाडा बांधणाऱ्या बाजीराव पेशव्यांनी इराण पाहिला नव्हता. पण त्याआधीची तीन शतकं बहमनी, निजामशाही, आदिलशाही दरबारांतून इराणी माणसं आणि इराणी रीत दख्खनेत मुरली होती. अहिल्यानगरजवळ तळ्याच्या मधोमध उभा असलेला फराहबाग महाल पाहिला की ती वाट दिसते.

इस्फहानच्या नक्श-ए-जहान चौकात शाह अब्बासाचा ‘आली कापू’ महाल आहे. नावाचा अर्थच ‘उंच दरवाजा’. खाली दरवाजा, वर अठरा लाकडी खांबांची उघडी ओसरी. तिथून शाह चौकातले खेळ आणि फौजा पाही. त्याच चौकाच्या उत्तर टोकाला बाजाराच्या दरवाज्यावर नगारे झडत, त्या जागेला नक्कारेखाना म्हणत. आता शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर उभे राहा. खाली अणकुचीदार खिळ्यांची प्रचंड दारं आणि वर लाकडी खांबांचा नगारखाना! ही नक्कल नव्हे. पण राजाच्या घराचा दरवाजा कसा दिसावा, कसा वाजावा, याची समज दोन्हीकडे एकच आहे.

मला सर्वांत आवडतो तो पेशवाई वाड्यांतला सुरूदार खांब. पायथ्याशी गरगरीत, वर निमुळता होत गेलेला. सुरू हे इराणी बागेतलं लाडकं झाड, नावही तिकडचंच. आपल्या सुतारांनी ते सागवानात कोरलं आणि त्याच्या डोक्यावर केळफूल चढवलं. सुरूवर केळफूल! एवढ्या एका खांबात सगळी गोष्ट आली.

घराची मांडणी मात्र अस्सल इथली. एकामागून एक चौक आणि त्यांच्याभोवती सोपे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळ आणला, तेव्हा वाड्यात हौद भरले, कारंजी उडू लागली. जमिनीखालून नुसत्या उतारावर पाणी आणायचं, वाटेत हवेसाठी उच्छ्वास ठेवायचे, ही युक्ती ‘कनात’ नावाच्या इराणी भुयारी कालव्याचीही आहे. हजारी कारंजं बांधलं ते सवाई माधवरावांसाठी. त्याला सोळा पाकळ्यांचं कमळ आणि नावात फारसी ‘हजार’.

२७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत लाकूड होतं ते बहुतेक गेलं. आत गेलात तर हिरवळीवर जोती तेवढी दिसतील; सुरूचे खांब पाहायचे तर तिथून उठून विश्रामबागवाड्यासमोर जा आणि मान वर करून त्याचा सज्जा पाहा.