पावसाच्या मुलखात गुलाब
शहापूर-मुरबाडकडे दारात गुलाब लावायचा तर आधी पाण्याच्या निचऱ्याचा विचार करावा. तानसा, भातसा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं याच भागातली. इथला पाऊस भाताला मानवतो, गुलाबाची मुळं मात्र कुजवतो. म्हणून जागा उंचवट्याची हवी, नाहीतर सरळ कुंडी. दीड फुटाच्या खड्ड्यात माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत घाला. कच्चं शेण घातलं की हुमणीला आवतणच.

रोपवाटिकेतलं रोप बहुधा डोळा भरलेलं कलम असतं. त्याची गाठ मातीच्या वर ठेवा. गाठीखालून जोमदार, सरळसोट फूट आली की हरखू नका, ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाची. नुसती वरून कापली तर पुन्हा येते. बुडाशी धरून खाली ओढून काढा. ‘लाल गुलाब बिघडला’ अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा खुंटच माजलेला असतो.

छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरका काप, त्यावर बोर्डो पेस्ट. दीड-दोन महिन्यांत फुलं येतात. पाणी बुंध्याशीच द्या. पानं भिजत राहिली की काळे ठिपके पडतात.

संकरित गुलाब देखणे खरे, पण गुलकंदाला गावठीच बरा.